चारधामाची पिशवी: निघणाऱ्या भाचीला आत्याचे चार शब्द

पोरी, तू सासूबाई-मामंजींना घेऊन चारधामला निघालीस, फार चांगलं केलंस. तिकिटं, गाडी, मुक्काम हे सगळं जावई बघतील. कपड्यांचं मात्र तुझ्याच हाती आहे, आणि आपल्या भागातली माणसं नेमकी तिथंच चुकतात. अंगावर किती कपडे आहेत याला तिथं फारसं महत्त्व नाही. ते कोरडे आहेत का, एवढंच बघायचं. थंडीपेक्षा ओल वाईट, हे मनात पक्कं धर.

आपल्या शिरूर अनंतपाळला एप्रिल-मेमध्ये दोरीवर टाकलेलं लुगडं तासाभरात कडक वाळतं. त्यामुळं 'रात्री धुऊ, सकाळी घालू' ही सवय आपल्या हाडात भिनलेली आहे. केदारनाथला ती चालत नाही. आपला मुलूख समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि केदारनाथ 3,583 मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश गारवा वाढतो, म्हणजे नुसत्या उंचीनंच वीसेक अंशांचा फरक पडला. मे महिन्यातही तिथं रात्री पारा शून्याच्या जवळ येतो. वर दुपारनंतर ढग भरून पाऊस येण्याचा नेम नाही. अशा हवेत ओला कपडा रात्रभर टांगला तरी सकाळी ओलाच हाती येतो.

खरेदी संक्रांतीच्या आत. मे महिन्यात लातूरच्या गंजगोलाईत फिरलीस तर सुती कपडे ढिगानं दिसतील, लोकरीचे क्वचित. दिवाळीनंतर गावोगावी तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तेव्हाच घेऊन ठेवायचं. यंदा ती वेळ टळली असेल तर आधी जाऊन आलेल्या शेजारणीकडून माग. एकदाच लागणाऱ्या कपड्यावर पैसा घालण्यापेक्षा ते बरं, आणि देणारीलाही आनंद होतो.

एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ. आत अंगाला चिकटून बसणारं पूर्ण बाह्यांचं थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट. ऊब कपड्यांच्या मधल्या हवेत साठते. चढताना घाम येतो, तेव्हा स्वेटर काढून पिशवीत टाकायचा. थांबलं की लगेच घालायचा. घामानं भिजलेला सुती बनियन अंगाला चिकटतो आणि बसल्याबरोबर हुडहुडी भरवतो. म्हणून चढणीच्या दिवशी आतला कपडा सुती नको. लोकर ओल शोषूनही बरीच ऊब धरते. मामंजींना घोंगडी न्यायचीच असेल तर नेऊ दे, पण ती गाडीत पांघरायला. भिजली की जड होते, चढणीवर तिचं ओझं नको. सोलापुरी चादर तर सुती, ती घरीच ठेव.

सासूबाईंच्या साडीचं. त्या साडी सोडणार नाहीत, आणि सोडायची गरजही नाही. आत थर्मलचा पायजमा घालायचा आणि साडी घोट्याच्या वर खोचायची. नऊवारीचा कासोटा येत असेल तर उत्तमच, पाय मोकळे राहतात. सिंथेटिक साडी सुतीपेक्षा लवकर वाळते, पण शेकोटीजवळ सांभाळायचं, ठिणगी पडली की ती वितळून कातडीला चिकटते. मामंजींना चढणीपुरतं धोतर सोडून पँट घालायला सांग. ओलं धोतर पायात अडकतं.

पायांची तयारी महिनाभर आधी. नवे बूट घालून कधी निघू नये. तिघांनीही आत्तापासून बूट घालून सकाळी शेतापर्यंत चालून यायचं, म्हणजे कुठं घासतं ते इथंच कळेल. लोकरीच्या मोज्यांसाठी थोडी जागा राहील असे बूट घ्या. आणि एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही: जाड जोडवी मोज्यात रुततात, बोटं सुजली की निघतही नाहीत. प्रवासापुरती बारीक, सैल जोडवी घाल, सासूबाईंनाही तेच सांग. बूट भिजलेच तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव, बरीच ओल ओढून घेतात.

कान आणि डोकं. टोपी-फेट्याच्या आत कानटोपी हवीच. छत्रीवर भिस्त ठेवू नकोस, डोंगरातल्या वाऱ्यात ती टिकत नाही. पाठीवरच्या पिशवीसकट अंग झाकेल असा मोठा रेनकोट घे. हातमोजे दोन जोड.

दोन पिशव्या करायच्या. मोठी पिशवी खालच्या मुक्कामी राहते. गौरीकुंडापासून केदारनाथ सोळा किलोमीटर. 2013 च्या जूनमध्ये आलेल्या पुरात रामबाड्याकडची जुनी वाट वाहून गेली, तेव्हापासून चाल वाढली आहे. एवढ्या वाटेवर खेचर केलं, पिठ्ठू केला तरी लहान पिशवी आपल्याच पाठीवर असते. हेलिकॉप्टरनं जाणाऱ्यांना तर माणशी दोनेक किलोच सामान नेता येतं. म्हणून लहान पिशवीत एवढंच: कोरडं थर्मल, दोन जोड मोजे, कानटोपी, आतले कपडे, पंचा. हा जोड दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून तोंड घट्ट बांध. मुक्कामी पोचेपर्यंत तो उघडायचा नाही. पोचल्यावर चालतानाचे सगळे कपडे उतरवून हा जोड घालायचा आणि मगच रजईत शिरायचं. चालतानाच्या कपड्यांत झोपलं की रात्रभर थंडी सुटत नाही.

कुंडाच्या स्नानाचं. बद्रीनाथच्या तप्तकुंडाचं पाणी चांगलं कढत असतं. आत बरं वाटतं, बाहेर आलं की वारा झोंबतो. जाड टॉवेल वाळत नाही, पातळ पंचेच दोन घे. कोरडे कपडे पायरीवर हाताशी ठेवायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं टाळायचं, नेसूचं ओलं लगेच सोडायचं आणि वेगळ्या पिशवीत टाकायचं. ओल्या साडीनं रांगेत उभं राहायची हौस सासूबाईंना करू देऊ नकोस.

तुझा दीर अमेरिकेत आहे, उद्या तो आईबापांना अलास्काच्या जहाजावर न्यायचं म्हणेल. सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरहून मे ते सप्टेंबर ही जहाजं निघतात. जहाजाच्या आत ऊब असते. पण जुनोला उतरलं की पाऊस, आणि हिमनद्या बघायला डेकवर उभं राहिलं की बोचरा वारा. तिथंही हेच तीन थर आणि हाच राखलेला कोरडा जोड. भर घालायची ती रात्रीच्या जेवणासाठी एका चांगल्या साडीची. त्यामुळं यात्रेनंतर हे कपडे वाटून टाकू नकोस. उन्हात खडखडीत वाळवून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून पेटीत ठेव.

आता करायचं ते असं. निघायच्या आठवडाभर आधी दोन्ही पिशव्या भरून बघ. लहान पिशवी पाठीला लावून गावाला एक फेरी मार. जड वाटली तर एक एक वस्तू काढ, पण कोरडा जोड काढू नकोस. वर गेल्यावर दोघांपैकी कुणी थरथरायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं, तर 'दर्शन झाल्यावर बघू' म्हणायचं नाही. आधी आडोसा, मग कोरडे कपडे, मग गरम काहीतरी पोटात, आणि तरीही थांबलं नाही तर सरळ वाटेवरच्या दवाखान्यात. रांग दुसऱ्या दिवशीही लावता येते. सासू-सासऱ्यांना धडधाकट घरी आणणं हे तुझं काम आहे, त्यात कुणाची भीड धरू नकोस.