वॉल काढलेली गाडी आणि घटांगचा घाट

वैशाखात अकोला-अमरावतीकडचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला, की आमच्या वऱ्हाडातील मिस्त्रीमंडळींत एक मत इतक्या निःशंकपणे मांडले जाते, की त्यावर फेरविचाराचा अर्ज दाखल करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही; ते मत असे, की इंजिनातला थर्मोस्टॅट, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'वॉल', हा थंड मुलखातील लोकांचा चोचला असून आपल्याकडे तो पाण्याच्या वाटेतली निव्वळ अडगळ होय. "ते वॉल आपल्या इकडे काय कामाचं जी? थंड्या मुलखातल्या गाड्याइले लागते ते. काढून फेका, गाडी थंडी चालते," हा सल्ला परतवाड्यापासून धारणीपर्यंत मला इतक्यांनी दिला, की त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे ठरेल, परंतु त्या सल्ल्याची किंमत कोणाच्या तरी खिशातून वसूल होते, आणि माझ्या बाबतीत ती माझ्या खिशातून झाली.

धारणीस बिऱ्हाड केल्यावर मी जी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तिच्या मागल्या भागात दोन बिछाने, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तिचे फिरते घर करण्यात आले. (असा फेरफार करावयाचा तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नोंदणी-पुस्तकात तशी दुरुस्ती करवून घ्यावी, राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असले, तरी त्यामुळे हे दप्तरी काम माफ झालेले नाही.) गाडीचे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या २.४ लिटर डिझेल घराण्यातले, म्हणजे जातीने दणकट. आधीच्या मालकाने कधी काळी त्यातला थर्मोस्टॅट काढून टाकविला होता, ही गोष्ट मात्र खरेदीच्या वेळी कोणी सांगितली नाही आणि कागदपत्रांतून ती कळण्याचा संभवही नव्हता.

हिवाळ्यात पहाटे हरिसालमार्गे सेमाडोहकडे निघावे, तर अर्धी वाट सरली तरी तापमानाचा काटा आपल्या तळच्या खुणेपासून हलू नये, मागून पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर यावा, आणि डिझेलचा हिशेब महिन्याअखेरीस जमू नये, अशी तिची वर्तणूक होती. आणि त्याच गाडीने उन्हाळ्यात परतवाड्याहून घटांगचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागताच काटा सरळ लाल पट्ट्यात नेऊन ठेवावा! जी गाडी थंडीत गरम होत नाही तीच उन्हाळ्यात उकळते, या विरोधाभासाचा उलगडा न झाल्याने प्रथम रेडिएटर धुतला गेला, नंतर त्याची जाळी बदलली, मग पाण्याचा पंप आणि अखेरीस पंख्याचा पट्टा. प्रत्येक वेळी बिल नवे आणि दुखणे तेच.

निदान केले ते धारणीतल्या एका वयस्क मिस्त्रींनी. गाडी तापलेली असताना तिच्या पंख्यापासून हात जपून दूर ठेवीत त्यांनी रेडिएटरच्या वरच्या होस पाईपला बोट लावले आणि चटकन काढून घेतले, मग तळच्या टाकीवर तळहात ठेवला, तो तेथेच राहू दिला, आणि म्हणाले, "खालचं तर कोमटच हाय भाऊ. पानी इकडे येऊनच नाही राह्यलं." पाणी रेडिएटरकडे पुरेसे येत नव्हते, ते इंजिनातल्या इंजिनात फेऱ्या घालीत होते.

याचे कारण असे, की या जातीच्या इंजिनातला थर्मोस्टॅट दोन चकत्यांचा असतो. मेळघाटात जंगल खात्याच्या नाक्यावर एक दांडा उचलला जाताना दुसऱ्या वाटेवरचा दांडा खाली पडावा, तशी त्याची योजना आहे: इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद आणि आतल्या आत परतण्याची आखूड वाट, म्हणजे बायपास, खुली, पाणी साधारण ८० अंशांवर गेले, की पहिली उघडू लागते आणि दुसरी मिटत जाते. संपूर्ण वॉलच काढून टाकला, की दोन्ही वाटा सदासर्वकाळ खुल्या राहतात. बोजा कमी असेल तर काही पाणी रेडिएटरमधून विनाकारण फिरून इंजिन गारठते, आणि घाटात जेव्हा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जावयास हवा, तेव्हा पाण्याचा मोठा हिस्सा आखूड वाटेने न निवताच परत येतो. ज्या साध्या, जुन्या इंजिनांना अशी बंद होणारी बायपासची वाट नव्हती, त्यांत वॉल काढल्याने उकळण्याचे संकट ओढवत नसे, आणि मिस्त्रींचे ते मत बहुधा त्याच पिढीपासून चालत आले असावे. परंतु तेथेही गारठलेले इंजिन अपुऱ्या ज्वलनाने डिझेल वाया घालवते, ते ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडरची झीज वाढते, हा भाग शिल्लक राहतोच.

पाण्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य वाटते, कारण तो विषय आमच्या प्रांताचा खास आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला असून, दर्यापूर-अकोटकडून वर येणारा माणूस वाटेतल्या विहिरीचे वा हापशाचे पाणी रेडिएटरमध्ये ओततो, तेव्हा तो त्यात क्षारांचीच भर घालीत असतो. हे क्षार तापलेल्या धातूवर पांढऱ्या पापुद्र्यांनी बसतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या आवळतात, आणि थर्मोस्टॅटच्या दांडीवर साचून त्याला अर्धवट उघड्या वा पूर्ण मिटल्या अवस्थेत जखडून टाकतात. मग दोष वॉलच्या माथी मारला जातो. नवा वॉल घालण्यापूर्वी सारी यंत्रणा धुऊन घ्यावी, आणि आत डिस्टिल्ड वॉटर व कूलंट यांचेच, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात, मिश्रण भरावे.

दुकानात गेल्यावर मला "सुधारित" म्हणून ७१ अंशांचा, एकाच चकतीचा आणि कोणत्याही गाडीला चालणारा वॉल दाखविण्यात आला. तो घेऊ नये. कमी अंशांचा वॉल घातल्याने इंजिन घाटात अधिक थंड राहते ही समजूत निराधार आहे: वॉल पूर्ण उघडल्यावर तापमान ठरते ते रेडिएटर, पंखा आणि पंप यांच्या कुवतीवर, वॉलवरच्या आकड्यावर नव्हे. इंजिनाचा क्रमांक सांगून त्याच जातीचा, बायपासची चकती असलेला नग मागावा, आणि तो जुन्या घरात बसवून मापात बसतो की नाही हे पाहावे.

बसविण्यापूर्वी परीक्षा मात्र घरीच घ्यावी. पातेल्यात पाणी, त्यात वॉल दोऱ्याने असा टांगावा की तळाला टेकणार नाही, शेजारी ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर, आणि आच मंद. वॉलच्या पोटात एक प्रकारचे मेण असते, जे वितळताना फुगून दांडी ढकलते. कोरलेल्या आकड्याच्या आसपास चकतीला केसाएवढी फट पडावी आणि पुढच्या सुमारे १५ अंशांत ती पूर्ण उघडावी, पाणी निवताच पुन्हा घट्ट मिटावी. चिखलदऱ्याच्या उंचीवर पाणी ९६-९७ अंशांवरच उकळते, तेव्हा तेथे ही परीक्षा घेणाऱ्याने चकतीच्या शेवटच्या किंचित हालचालीवरून वॉल नापास करू नये.

बसविताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस आणि हवा सुटण्याची टाचणी वा बाण असेल तर तो वरच्या अंगास ठेवावा. जुने गॅस्केट खरवडून काढावे, सोल्यूशन मात्र बोटभर फासू नये, कारण बाहेर आलेला लगदा पाण्याच्या वाटेत जातो. भरताना गाडी चढावर, तोंड वर करून उभी करावी, म्हणजे कोंडलेली हवा निघते. आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

इतके करूनही घाटात पाणी गळाले, तर एका फसव्या लक्षणाकडे लक्ष असू द्यावे. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो. पाणी ओसरून तो उघडा पडला, की लाल पट्ट्याकडे गेलेला काटा आपोआप खाली येऊ लागतो आणि चालकाला हायसे वाटते. तेव्हा गाडी लगेच कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, रेडिएटरच्या टोपीला हात न लावता इंजिन पुरते निवेपर्यंत थांबावे, आणि तापलेल्या हेडवर गार पाणी ओतण्याचा आग्रह कोणी शेजारी करीत असेल तर तो नम्रपणे नाकारावा. घटांग-सेमाडोहच्या पट्ट्यात मोबाईलच्या रेंजवर भिस्त ठेवून चालत नाही. म्हणून डिक्कीत डिस्टिल्ड वॉटरचे दोन डबे, एक होस पाईप, दोन क्लॅम्प आणि वॉलचा जादा नग, त्याच्या गॅस्केटसह, असावा.