फावड्याचें नाणें

नाणें म्हटलें कीं वाटोळी चकती आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु प्राचीन चीन देशांत फावड्याच्या आकाराचीं नाणीं चालत असत. शेतकऱ्याचें फावडें सर्वांस उपयोगी, म्हणून देवघेवींतहि त्यास मोल आलें. पुढें त्याची लहानशी कांशाची प्रतिकृति पैसा म्हणून चालूं लागली, असें विद्वान् मानतात.

इ. स. पूर्वीं सुमारें सातव्या शतकापासून निघालेल्या अशा नाण्यांत दांडा बसविण्याची पोकळ खोबणहि राखलेली दिसते. वास्तविक तींत दांडा कोणी बसविणार नव्हतें! पुढें ती खोबण जाऊन चपटी मूठ आली. हान, चाओ व वेई या राज्यांतील पुष्कळ नाण्यांवर गांवांचीं नांवें कोरलेलीं आढळतात. इ. स. पूर्वीं २२१ मध्यें छिन्‌च्या राजानें सर्व देश एकछत्री केला व चौकोनी भोकाचें वाटोळें नाणें रूढ केलें. इ. स. ९ मध्यें गादी बळकावणाऱ्या वांग मांगनें फावडें पुन्हां चालविलें. परंतु तें फार काळ टिकलें नाहीं.

हीं नाणीं जमविणाऱ्यास दोन गोष्टींचें भान ठेवावें लागतें. एक तर बनावट नाणीं पुष्कळ असतात. म्हणून खात्रीचे नमुने पाहून नजर तयार करावी लागते. दुसरें असें कीं, जुन्या नाण्याच्या खोबणींत कधीं कधीं ओतकामाच्या वेळची माती अजून राहिलेली असते. ती घाण नव्हे. नाणें कसें घडलें याची ती साक्ष आहे. जो ती खरवडून काढील, तो साक्षीदारासच घालवील.

हें आम्ही स्वानुभवानें सांगत आहों. लहानपणीं आजीनें आम्हांस एक शिवराई दिली होती. ती लखलखीत व्हावी म्हणून चिंच व विटकरीची पूड घेऊन आम्हीं ती दुपारभर घांसली. शिवराई चकाकली खरी. अक्षरें मात्र गेलीं. ती अद्याप आमच्या पेटींत आहे. पण ती कोणाच्या कारकीर्दींतील, हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं.

तेव्हां घरीं एखादें जुनें नाणें सांपडल्यास तें घांसूं नका. कागदांत गुंडाळून ठेवा, आणि तें कोठें व कोणाकडून मिळालें हें त्या कागदावर लिहा. घरांतील वडील माणसांस आजच विचारा. उद्यां सांगणारें कोणी असेलच असें नाहीं.