कंट्रोल-एस दाबलं आणि... (टर्मिनलच्या मोडची गोष्ट)

गेल्या सेमिस्टरला सिस्टिम प्रोग्रॅमिंगचा मिनी प्रोजेक्ट म्हणून मी एक छोटा टेक्स्ट एडिटर लिहिला. सी मध्ये, साधारण आठशे ओळींचा. फाईल उघडते, कर्सर फिरतो, टाइप होतं, सेव्ह होतं, बस्स. पण स्वतः लिहिलेला एडिटर म्हटल्यावर कौतुक फार! हॉस्टेलवर चार-पाच जणांना लॅबच्या सर्व्हरवर लॉगिन करून तो वापरायला लावला. त्यात माझा रूम पार्टनरही होता, आणि नाही म्हणायची त्याला सोय नव्हती.

सबमिशनच्या आदल्या रात्री नऊ वाजता त्याने त्यात असाइनमेंट टाइप करायला घेतली. नवीन फाईल, नाव नंतर देऊ म्हणून एकदाही सेव्ह नाही. रात्री एकच्या सुमारास झालं एकदाचं म्हणून त्याने सवयीने कंट्रोल-एस दाबलं. (माझ्या एडिटरमध्ये सेव्ह कंट्रोल-डब्ल्यूवर होतं. ते खालच्या ओळीत लिहिलेलंही होतं, पण रात्री एकला कोण वाचतो?) स्क्रीन जागच्या जागी थिजली. अ‍ॅरो की नाही, एस्केप नाही, कंट्रोल-सी नाही. मी शेजारच्या रूममध्ये होतो, मला बोलावलं. मी ऐटीत पाहिलं आणि निदान केलं, "हँग झालाय. विंडो बंद कर, परत लॉगिन कर." त्याने केली. चार तासांचं टायपिंग गेलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये सरांना हे सांगितलं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कंट्रोल-क्यू दाबून पाहिलं होतं का?"

नव्हतं पाहिलं. दाबलं असतं तर स्क्रीन पुन्हा चालू झाली असती आणि सगळं जसंच्या तसं मिळालं असतं. एडिटर हँग झालाच नव्हता. विंडो बंद करायला मी सांगितलं, म्हणजे तो मजकूर मीच घालवला. पार्टनरचे उशिराचे मार्क कापले गेले आणि पुढचे दोन दिवस आमच्या रूममध्ये शांतता होती. त्या शांततेत जे वाचलं आणि करून पाहिलं, ते इथे लिहितोय. सिस्टिम प्रोग्रॅमिंग घेणाऱ्या ज्युनियर्सना उपयोगी पडेल.

आपण की दाबतो तेव्हा ते अक्षर थेट प्रोग्रामकडे जातं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. मध्ये कर्नलमधला टीटीवाय ड्रायव्हर बसलेला असतो. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, कागदावर खडखड छापणारं यंत्र. ते यंत्र कधीच गेलं, नाव राहिलं, आणि त्याच्या बऱ्याच खोडीही राहिल्या. हा ड्रायव्हर नेहमीच्या स्थितीत, ज्याला कॅनॉनिकल किंवा बोलीभाषेत 'कुक्ड' मोड म्हणतात, पुष्कळ कामं परस्पर करतो. एंटर दाबेपर्यंत ओळ स्वतःकडे ठेवतो, बॅकस्पेस स्वतः सांभाळतो, अक्षर स्क्रीनवर उमटवतो, कंट्रोल-सी आलं की प्रोग्रामला सिग्नल पाठवतो. साध्या स्कॅनएफवाल्या प्रोग्रामला हे सोयीचं. एडिटरला मात्र एकेक की लगेच हवी असते आणि स्क्रीनवर काय उमटायचं ते त्याला स्वतः ठरवायचं असतं. म्हणून एडिटर आधी ही मधली मदत बंद करतो. तोच 'रॉ' मोड.

हे सगळं टर्मिऑस नावाच्या एका स्ट्रक्चरमध्ये असतं. टीसी-गेट-अ‍ॅट्र या फंक्शनने चालू स्थिती वाचायची, तिची एक प्रत जपून ठेवायची, दुसऱ्या प्रतीत हवे ते फ्लॅग बदलायचे आणि टीसी-सेट-अ‍ॅट्रने लावायचे. हॉस्टेलची रूम ताब्यात घेताना आपण पंखा, ट्यूब, कॉट, टेबल रजिस्टरमध्ये लिहून सही करतो ना, तशी ती पहिली प्रत. जाताना त्याप्रमाणे परत द्यायचं.

माझी चूक कुठे झाली बघा. इको, आयकॅनॉन, आयसिग हे फ्लॅग टर्मिऑसच्या 'लोकल' गटात आहेत. इको बंद केला की अक्षरं आपोआप उमटत नाहीत, आयकॅनॉन बंद केला की एंटरची वाट न बघता अक्षर मिळतं, आयसिग बंद केला की कंट्रोल-सी आणि कंट्रोल-झेड साधी अक्षरं होतात. मी हे तीन बंद केले, एडिटर चालला, मी खूश. पण आयएक्सऑन नावाचा चौथा एक फ्लॅग 'इनपुट' गटात आहे, तिकडे मी फिरकलोच नाही. त्याचं काम म्हणजे कंट्रोल-एस आलं की आउटपुट थांबवायचं आणि कंट्रोल-क्यू आलं की सोडायचं. आस्कीमध्ये हे १९ आणि १७ नंबरचे कोड. टेलिटाइपच्या काळात कागदी टेपचं रीडर थांबवायला आणि चालू करायला ते वापरत. आज आपल्याला थांबवायला टेपच नाही, पण लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलवर हा फ्लॅग मुळात चालूच असतो.

म्हणजे त्या रात्री असं झालं. कंट्रोल-एस एडिटरपर्यंत पोचलंच नाही, ड्रायव्हरने ते मधेच गिळलं आणि आउटपुट अडवलं. पुढची की दाबल्यावर एडिटर स्क्रीन रंगवायला गेला आणि राइट कॉलमध्येच अडकून बसला. कंट्रोल-सीने काही झालं नाही, कारण आयसिग मीच बंद केला होता. तो चालू असता तर ड्रायव्हरने आउटपुट मोकळं करून सिग्नल दिला असता. अर्धवट रॉ मोडचा हा खास त्रास : बाहेर पडायची दारं तेवढी बंद केली, अडकवणारं उघडं ठेवलं.

स्वतः फ्लॅग निवडायचे नसतील तर सीएफ-मेक-रॉ हे तयार फंक्शन आहे, ते आयएक्सऑनसकट सगळं बंद करतं. हाताने करायचं असेल तर वरच्या चारांशिवाय आणखी तीन लक्षात ठेवा. आयसीआरएनएल चालू राहिला तर एंटर १३ च्या ऐवजी १० म्हणून येतो, म्हणजे एंटर आणि कंट्रोल-जे यांत फरकच कळत नाही. आयएक्सटेन राहिला तर लिनक्सवर कंट्रोल-व्ही ड्रायव्हर स्वतःकडे ठेवतो. आणि ओपोस्ट हा आउटपुट गटातला. तो बंद केला की नवीन ओळीच्या अक्षराने कर्सर फक्त खाली उतरतो, डाव्या कडेला जात नाही. स्क्रीनवर ओळींचा जिना तयार होतो. तो पाहिला की मला आता हसू येतं, पहिल्यांदा घाम फुटला होता.

आता दुसरा भाग, जो व्हायवाला नक्की विचारतात (मला विचारला). हे सगळं कर्नलमधलं झालं. पण एडिटर आणखी एका ठिकाणी स्थिती बदलतो, ती म्हणजे टर्मिनल स्वतः. पूर्वी ते टेबलावरचं यंत्र असायचं. डेकचं व्हीटी-१०० हे १९७८ सालचं, आणि आपल्या आजच्या टर्मिनल विंडो त्याचेच संकेत थोडे वाढवून पाळतात. एस्केपने सुरू होणारी अक्षरांची मालिका पाठवली की टर्मिनलचा मोड बदलतो. त्यातला एडिटरला सर्वांत उपयोगी मोड म्हणजे पर्यायी स्क्रीन. एस्केप, चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, १०४९ आणि शेवटी लहान एच पाठवला की टर्मिनल कर्सरची जागा लक्षात ठेवतं आणि कोरी स्क्रीन पुढे करतं. शेवटी एचऐवजी लहान एल पाठवला की आधीची स्क्रीन जशीच्या तशी परत. व्हिममधून बाहेर पडल्यावर आधीच्या कमांड पुन्हा दिसतात त्या यामुळेच. २५ नंबर कर्सर लपवायला आणि दाखवायला. २००४ नंबर पेस्टसाठी, तो लावला की पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी आणि नंतर खूण येते. मग एडिटर त्याला टायपिंग समजून प्रत्येक ओळीला आपली इंडेंट चिकटवत बसत नाही. हे नंबर पाठ करायचे नसतील तर टर्मइन्फोच्या डेटाबेसमधून मागवता येतात आणि खरं तर तसंच करावं. मी आळस केला.

या दोन जागा वेगळ्या आहेत हे न कळल्यामुळे मी पुढचा आठवडा गोंधळात घालवला. कर्नलला तुमच्या पर्यायी स्क्रीनबद्दल काही माहीत नसतं आणि टर्मिनलला तुमच्या इको फ्लॅगबद्दल काही माहीत नसतं. परत देताना दोघांचं वेगवेगळं परत द्यावं लागतं.

मी मग एडिटरला मुद्दाम मारून पाहिलं. आधी नल पॉइंटर देऊन पाडला. बॅश प्रॉम्प्टवर आल्यावर टायपिंग नीट चालत होतं, पण स्क्रीन पर्यायीच राहिली आणि कर्सर गायब. कारण सिग्नलने मेलेल्या प्रोग्रामनंतर बॅश टर्मिऑस स्वतः पूर्वीसारखं लावतं, मात्र एस्केपने बदललेल्या मोडचा त्याला पत्ता नसतो. नंतर फाईल उघडली नाही तर सरळ एक्झिट होणारा रस्ता तपासला. तिथे उलटं! प्रोग्राम व्यवस्थित संपला म्हटल्यावर बॅशने त्याने सोडलेली स्थितीच खरी मानली. टाइप केलेलं दिसेना, आणि ओळींचा जिना. तुमचं असं झालं तर विंडो बंद करू नका. न दिसता 'एसटीटीवाय सेन' टाइप करा आणि एंटर. काही शेलमध्ये एंटर लागत नाही, तेव्हा कंट्रोल-जे दाबा. तरी स्क्रीन विचित्र असेल तर 'रीसेट' कमांड द्या, ती टर्मिनललाही मूळ स्थितीत आणते.

एडिटरकडून दुरुस्ती अशी. परत करण्याचं एकच फंक्शन लिहायचं : पेस्टचा मोड बंद, कर्सर दाखवा, पर्यायी स्क्रीन सोडा, मग जपलेलं टर्मिऑस लावा. ते अ‍ॅट-एक्झिटला नोंदवलं की एक्झिटचे सगळे रस्ते सांभाळले जातात. सिग्नलसाठी वेगळा हँडलर लागतो, आणि त्यात प्रिंटएफ वापरायचा नाही, राइट आणि टीसी-सेट-अ‍ॅट्र चालतात. किल-९ ला मात्र काही उपाय नाही, तो सिग्नल पकडताच येत नाही.

कंट्रोल-झेडने मला सर्वांत जास्त रडवलं. आयसिग बंद असल्यामुळे ते साधं २६ नंबरचं अक्षर म्हणून येतं. एडिटरने आधी सगळं परत करायचं, मग स्वतःच स्वतःला थांबायचा सिग्नल पाठवायचा. एफजी केल्यावर प्रोग्राम त्याच ओळीपासून पुढे चालू होतो, तिथे पुन्हा रॉ मोड, पुन्हा पर्यायी स्क्रीन, विंडोचा आकार पुन्हा विचारायचा (मधल्या वेळात कोणी ती ताणली असेल) आणि सगळं पुन्हा रंगवायचं. मी पहिल्यांदा रंगवायचं विसरलो आणि कोऱ्या स्क्रीनकडे बघत पाच मिनिटं बसलो.

आणि विंडो बंद करण्याबद्दल. खिडकी मिटली की प्रोग्रामला हँगअपचा सिग्नल येतो, आणि न पकडल्यास प्रोग्राम मरतो. पार्टनरचं तेच झालं. आता माझा हँडलर फक्त एक खूण करतो. अडकलेला रीड किंवा राइट त्यामुळे एररसह परत येतो आणि मुख्य लूप खूण बघून मजकूर वेगळ्या फाईलमध्ये टाकतो. तेव्हा टर्मिनल परत करत बसायचं नाही, परत घ्यायला समोर कोणी नसतं. व्हिम याहून सावध आहे. तो मुळात २०० अक्षरं टाइप झाली की, किंवा ४ सेकंद हात थांबला की, स्वॅप फाईलमध्ये लिहून ठेवतो. नॅनोही हँगअप आला की मजकूर 'डॉट सेव्ह' नावाने ठेवतो. हे लोक आपल्यापेक्षा जास्त रात्री जागलेले आहेत.

जाता जाता एक. मराठी टाइप करणाऱ्यांसाठी रॉ मोडमध्ये आणखी काम पडतं. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ असे ९ बाइट. रीड तुम्हाला बाइट देतो, अक्षर नाही. माझ्या एडिटरमध्ये एक बॅकस्पेस मारला की एकच बाइट उडायचा आणि उरलेल्या आठांचं स्क्रीनवर भूत व्हायचं. ते आता कसंबसं जमवलंय, पण कर्सर जोडाक्षरावर अजून अडखळतो.

आयएक्सऑन बंद केल्यामुळे कंट्रोल-एस आता एडिटरपर्यंत पोचतं, म्हणून सेव्ह त्यावरच ठेवलं आहे. पार्टनरला दाखवलं. त्याने चार ओळी टाइप केल्या, कंट्रोल-एस दाबलं, फाईल सेव्ह झाल्याचं दुसऱ्या विंडोत कॅट करून पाहिलं, आणि मग शांतपणे नॅनो उघडला.