एक फाइल, अनेक हात : ॲक्सेस डेटाबेसचा सामायिक वापर

कॅश क्रेडिटची सुविधा घेतलेल्या व्यापाऱ्यास मालसाठ्याचे व येणे रकमांचे विवरणपत्र सामान्यतः दरमहा बँकेस सादर करावे लागते. खात्यातून किती रक्कम उचलता येईल, म्हणजेच आहरण अधिकार, हा त्यावरून ठरतो. अनेक छोट्या-मध्यम पेढ्यांत ही माहिती मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फाइलीत साठविलेली असते आणि चार-पाच कर्मचारी नेटवर्कवरून तीच फाइल उघडतात. १९९२ साली बाजारात आलेली ही प्रणाली आजही वापरात आहे, कारण ती शिकण्यास सोपी असून तिला स्वतंत्र डेटाबेस सर्व्हर लागत नाही.

एखाद्या सकाळी मात्र 'फाइल दुसऱ्याच्या वापरात आहे' असा संदेश पडद्यावर झळकतो. काम खोळंबू नये म्हणून कोणीतरी फाइलीची प्रत स्वतःच्या संगणकावर घेतो आणि तीत नोंदी करू लागतो. खरे संकट येथून सुरू होते. एका प्रतीत रक्कम वसूल झालेली, दुसरीत तीच येणे. आणि महिनाअखेरीस विवरणपत्र कोणत्या प्रतीवरून निघाले हे कोणासच खात्रीने सांगता येत नाही. वसूल रक्कम येणे म्हणून दाखविली गेली की आहरण अधिकार फुगतो. बँकेच्या तपासणीत तफावत आढळल्यास खुलासा पेढीच्या मालकास करावा लागतो, संगणकास नव्हे! म्हणून प्रत काढण्यापूर्वी अडथळ्याचे कारण शोधणे अगत्याचे ठरते.

बहुतेक वेळा दोष नेटवर्कच्या तारांवर ढकलला जातो. वस्तुतः पहिली चौकशी फोल्डरच्या परवानग्यांची करावयास हवी. पहिली व्यक्ती फाइल उघडते तेव्हा ॲक्सेस त्याच फोल्डरमध्ये एक छोटी कुलूप-फाइल तयार करते. जुन्या 'एमडीबी' फाइलीसाठी ती 'एलडीबी' व २००७ पासूनच्या 'एसीसीडीबी' फाइलीसाठी 'एलएसीसीडीबी' या शेपटाची असते. कोण आत आहे आणि कोणती नोंद कोणी अडविली आहे, याचा हिशेब तिच्या आधारे ठेवला जातो. शेवटची व्यक्ती बाहेर पडली की ती पुसली जाते. एखाद्या कर्मचाऱ्यास त्या फोल्डरमध्ये केवळ वाचनाची मुभा असेल, तर त्याच्याकडून कुलूप-फाइल तयारच होत नाही. असा कर्मचारी सर्वांत आधी आला तर नंतरच्यांना दार बंद मिळू शकते. फाइल वापरणाऱ्या प्रत्येकास फोल्डरमध्ये वाचणे, लिहिणे, नवी फाइल निर्माण करणे व पुसणे या चारही परवानग्या असाव्यात. विंडोजमध्ये त्या दोन ठिकाणी दिल्या जातात, फोल्डर सामायिक करताना आणि त्याच्या सुरक्षाविषयक रकान्यात. या दोहोंपैकी जी अधिक कडक असते तीच नेटवर्कवरून लागू होते. एकीकडे मुभा देऊन दुसरीकडे विसरणे ही नित्याची गोष्ट आहे.

परवानग्या ठीक असूनही अडचण राहिली, तर प्रत्येक संगणकावरील ॲक्सेसच्या पर्यायांत फाइल 'सामायिक' उघडते की 'एकट्यापुरती', हे पाहावे. एकाच संगणकावर चुकीचा पर्याय निवडलेला असला तरी साऱ्या कार्यालयाचे काम अडते.

कुलूप-फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यास संगणकांची नावे दिसतात. परंतु बाहेर पडलेल्याचे नावही तीत राहू शकते, म्हणून केवळ त्यावरून कोणावर ठपका ठेवू नये. उघड्या फाइलींची खरी यादी सर्व्हरच्या संगणक-व्यवस्थापनात मिळते. सर्वजण बाहेर पडूनही कुलूप-फाइल शिल्लक असेल, तर एखादा संगणक मध्येच बंद पडला असावा किंवा कोणास तरी पुसण्याची परवानगी नसावी.

प्रवेश मिळाल्यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दोघांनी एकाच ग्राहकाची नोंद उघडली आणि पहिल्याने बदल साठविला, तर 'कुलूप नाही' या व्यवस्थेत दुसऱ्यास संघर्षाची सूचना येते. आपली नोंद साठवावी, क्लिपबोर्डवर घ्यावी की सोडून द्यावी, असे तीन पर्याय असतात. घाईत पहिला निवडला की सहकाऱ्याचा बदल निमूटपणे नाहीसा होतो. येणे रकमांच्या तक्त्यासाठी 'संपादित नोंदीस कुलूप' हा पर्याय श्रेयस्कर. पहिल्याचे काम संपेपर्यंत दुसऱ्यास त्या नोंदीत लिहिताच येत नाही.

टिकाऊ उपाय म्हणजे फाइलीचे विभाजन. तक्ते तेवढे सर्व्हरवर ठेवावेत. फॉर्म, क्वेरी व अहवाल असलेली दुसरी फाइल प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र द्यावी. यासाठी ॲक्सेसमध्येच साधन उपलब्ध आहे. तक्त्यांशी जोडणी करताना ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यावा, कारण एका संगणकावरचा 'झेड' ड्राइव्ह दुसऱ्यावर 'वाय' असू शकतो. यानंतर कोणी फॉर्म दुरुस्त करावयास घेतला तरी इतरांचे काम थांबत नाही. तक्त्यांची फाइल मात्र वायरलेस जोडणीवरून वापरू नये आणि इंटरनेटवर आपोआप प्रती ठेवणाऱ्या फोल्डरमध्येही ठेवू नये. पहिल्यात जोडणी तुटून फाइल बिघडण्याचा धोका असतो, तर दुसऱ्यात पुन्हा दोन प्रती निर्माण होतात.

फाइल बिघडलीच, तर सर्वांना बाहेर काढून, आधी तिची प्रत सुरक्षित ठेवून, मग 'कॉम्पॅक्ट व रिपेअर' चालवावे. एका फाइलीची कमाल मर्यादा २ जीबी व एकाच वेळी २५५ वापरकर्ते अशी आहे. प्रत्यक्षात वेग त्याच्या कितीतरी आधी मंदावतो. तसे झाल्यास तक्ते विनामूल्य मिळणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसमध्ये हलवून तेच फॉर्म पुढे वापरता येतात.