वळवाच्या वादळाची घडण

वैशाखातील दुपार. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात रस्त्याचे डांबर मऊ पडलेले असते. कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांवरून उन्हाच्या झळा उठत असतात. झाडाचे पानही हलत नाही. सकाळपासून निरभ्र असलेल्या आकाशात दोन-तीनच्या सुमारास कापसाच्या ढिगासारखे पांढरे ढग दिसू लागतात. चारनंतर त्यांतील एखादा काळवंडतो आणि पाच-साडेपाचला धुळीचे लोट उठवीत वारा येतो. पाठोपाठ टपोरे थेंब, विजा आणि क्वचित गारा. अर्ध्या-पाऊण तासात सारे शांत होते. मागे राहतात त्या उन्मळलेल्या झाडांच्या फांद्या, उडालेले पत्रे आणि तुटलेल्या विजेच्या तारा.

या पावसाला वळीव हे जुने नाव आहे. शेतकऱ्याला तो नांगरटीच्या दृष्टीने उपकारक वाटतो, तर काढलेला कांदा उघड्यावर असेल तेव्हा तोच धास्तीचे कारण होतो. उद्योगनगरीत मात्र त्याचे आणखी एक रूप प्रत्ययास येते. वळवाच्या वादळाची वेळ आणि कामावरून घरी परतण्याची वेळ बहुधा एकच असते. रस्ते माणसांनी भरलेले असतात आणि नेमका तेव्हाच वारा सुटतो. म्हणूनच हे वादळ कसे घडते, याची माहिती प्रत्येक नागरिकाला असणे अगत्याचे आहे.

हवेला वजन असते

पृथ्वीभोवती हवेचे जे आवरण आहे, त्याच्या कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्या भागात आर्गॉन, कार्बन डायऑक्साइड इत्यादी वायू असतात. याखेरीज हवेत पाण्याची वाफ असते. तिचे प्रमाण स्थळकाळानुसार बदलते आणि फार तर चार टक्क्यांपर्यंत जाते. परंतु ढग, पाऊस, गारा आणि वादळे यांचा सारा खेळ या अल्पशा वाफेवर चालतो.

हवा दिसत नसली तरी तिला वजन असते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीतील हवा पिंपरीसारख्या ठिकाणी सुमारे ३० किलोग्रॅम भरते. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब १०१३ मिलिबार असतो. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथे तो ९५० मिलिबारच्या आसपास असतो. वारा म्हणजे हीच वजनदार हवा वेगाने सरकणे होय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा आघात चौपट होतो आणि तिप्पट झाला तर नऊपट होतो. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात नुसता करकरणारा पत्रा ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात का उडतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराला तपांबर म्हणतात. आपल्या प्रदेशात त्याची उंची १६ ते १८ किलोमीटरपर्यंत असते. या थरात वर जावे तसे तापमान उतरत जाते, सरासरीने दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस. पिंपरीत पारा ४० अंशांवर असताना पाच किलोमीटर उंचीवरील हवा गोठणबिंदूच्या आसपास असते. तळाशी भट्टी आणि माथ्यावर हिमगार अशी ही रचना वादळाला पोषक ठरते.

तीन गोष्टींचा संयोग

गडगडाटी वादळ निर्माण होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली म्हणजे जमिनीलगतची बाष्पयुक्त हवा. मार्च ते मे या महिन्यांत महाराष्ट्रावर कधी अरबी समुद्राकडून, तर कधी बंगालच्या उपसागराकडून बाष्प येते. दुसरी म्हणजे खाली तप्त आणि वर थंड हवा. तिसरी म्हणजे खालच्या हवेला वर ढकलणारे निमित्त. दख्खनच्या पठारावर दोन दिशांचे वारे जेथे एकमेकांस भिडतात, तेथे हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. तापलेली जमीन आणि सह्याद्रीचे चढही हेच काम करतात.

पिंपरी-चिंचवडच्या भूपृष्ठाचे रूपही बदलले आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, पुढे चाकण असा उद्योगांचा पट्टा विस्तारत गेला. शेते आणि माळ यांच्या जागी सिमेंट, डांबर आणि पत्रे आले. हे पृष्ठभाग लवकर तापतात आणि उष्णता धरून ठेवतात. ओलावा असलेली माती आपल्याला मिळालेल्या उष्णतेचा काही भाग बाष्पीभवनात खर्च करते. सिमेंटला ती सोय नाही.

वर चढणारी हवा विरळ आणि थंड होत जाते. एका ठरावीक उंचीवर तिच्यातील वाफेचे सूक्ष्म जलबिंदू बनतात आणि ढग दिसू लागतो. या वेळी वाफेत दडलेली सुप्त उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता मोकळी होते. एक ग्रॅम बर्फगार पाणी उकळीच्या बिंदूपर्यंत तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या ही सहापट आहे. या उष्णतेने हवा पुन्हा हलकी होते आणि आणखी वर चढते. ढग स्वतःच्याच बळावर वाढू लागतो तो असा. पाहता पाहता पांढऱ्या राशिमेघाचा उत्तुंग गर्जन्मेघ होतो. तपांबराच्या माथ्याला टेकल्यावर तो आडवा पसरतो आणि त्याला लोहाराच्या ऐरणीचा आकार येतो.

ढगाच्या वरच्या भागात गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहिलेले जलबिंदू आणि हिमकण असतात. हिमकणांवर असे बिंदू गोठत जाऊन गारा तयार होतात. गारा आणि हिमकण यांच्या टकरींतून विद्युतभार विभागला जातो आणि वीज चमकते. तिच्या मार्गातील हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी प्रसरण पावते. तोच मेघगर्जनेचा आवाज.

पावसाआधी वारा का?

वळवाच्या वादळात पावसाआधी वारा येतो, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ढगातून पडू लागलेला पाऊस आपल्याबरोबर हवेलाही खाली ओढतो. उन्हाळ्यात ढगाचा तळ बराच उंच असतो आणि त्याखालची हवा कोरडी असते. या कोरड्या हवेत पडणाऱ्या थेंबांचे बाष्पीभवन होते. घामाने अंग जसे गार होते, तशी त्या बाष्पीभवनाने ती हवा थंड आणि जड होते. ही जड हवा वेगाने खाली कोसळते आणि घागर उपडी करताच पाणी चहूकडे पसरावे तशी जमिनीवर पसरते. पाऊस अजून काही किलोमीटर दूर असतानाच तिची धडक बसते. म्हणून पाऊस थोडा आणि वारा भयंकर, असेही घडू शकते.

दिनांक १७ एप्रिल २०२३ रोजी सायंकाळी पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, किवळे येथे, सेवारस्त्यालगतचा मोठा जाहिरात फलक अशाच वादळी वाऱ्यात कोसळला. वारा-पावसापासून बचाव व्हावा म्हणून फलकाच्या आडोशाला थांबलेल्यांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर प्रचंड फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्या दिवशीही धुळीचे वादळ आणि अवकाळी पाऊस होता. पाऊस अंगावर येऊ नये म्हणून माणूस आडोसा शोधतो. परंतु वळवात खरा धोका पावसाचा नसून वाऱ्याचा आणि विजेचा असतो, हे ध्यानात न आल्याने आडोसाच घातक ठरतो.

चक्री वादळ आणि वळीव

चक्री वादळ हे याहून निराळे. ते उबदार समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि अनेक दिवस टिकते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्री वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. सह्याद्री ओलांडून त्याने मावळ, खेड, जुन्नर या भागांतही घरांचे, पिकांचे आणि हरितगृहांचे नुकसान केले. मात्र त्याची चाहूल आधीच लागलेली असल्याने किनाऱ्यावरील हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलविता आले.

वळवाच्या वादळाला अशी सवड नसते. दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत, तासाभरात सर्व आटोपते. एका पेठेत गारा पडाव्यात आणि दुसरी कोरडी राहावी, हे नित्याचेच. वादळास अनुकूल दिवस हवामानखात्याला आधी सांगता येतो. परंतु ढग नेमका कोणत्या वस्तीवर फुटेल, हे रडार आणि उपग्रह यांच्या साहाय्याने फार तर काही तास अगोदर कळते. यासाठी पुढील तीन तासांचे तात्कालिक अंदाज दिले जातात. पुण्याला या शास्त्राची मोठी परंपरा आहे. १९२८ साली हवामानखात्याचे कार्यालय सिमल्याहून येथे आले. 'सिमला ऑफिस' हे नाव पुणेकरांच्या तोंडी अजूनही आहे. १९६२ साली स्थापन झालेली पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था ढग आणि विजांचा अभ्यास करते. विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे मोबाईल उपयोजन याच संस्थेने विकसित केले आहे.

हाती असलेली अर्धी घटका

यंत्राची सूचना मिळो वा न मिळो, आकाश स्वतः सूचना देत असते. दुपारी झपाट्याने उंचावणारा ढग, काळवंडलेला तळ, कोंदट उकाड्यानंतर एकाएकी आलेली गार झुळूक आणि क्षितिजावर धुळीची भिंत. गार झुळूक लागली म्हणजे वादळ काही मिनिटांवर आले, असे समजावे. पक्क्या बांधकामात शिरण्याची वेळ तीच. जाहिरात फलक, झाड, पत्र्याची शेड, अर्धवट बांधलेली भिंत आणि विजेचा खांब यांच्या आडोशास उभे राहू नये. दुचाकीस्वाराने जवळच्या पक्क्या इमारतीत थांबावे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे आणि धोका आपल्यापर्यंत पोहोचला आहे, असे मानावे. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास उघड्यावर जाऊ नये.

कारखाने, गृहनिर्माण संस्था आणि दुकानदार यांनी फाल्गुनातच छपराचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, फलक आणि मचाणे यांची पाहणी करून घेणे हिताचे. वादळाची लक्षणे दिसत असताना पाळी सुटली, तर कामगारांना पाऊण तास आत थांबू देण्यानेही जीव वाचू शकतात. वळीव थोपविता येत नाही. त्याची घडण मात्र सकाळपासून डोळ्यांसमोर चालू असते. ती ओळखता आली, तर वादळ अचानक आले असे म्हणण्याचे प्रसंग कमी होतील.