तालमीतल्या भाच्यास

चि. बाळ्या,


काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, ‘ओठावर जर उठलाय त्याच्या, पण रविवारी निवड आहे म्हणून वस्तादांपासून तोंड लपवत फिरतोय.’ म्हणून लगेच लिहायला बसलो.

आईला वाटतं तसा हा अंगातला ताप बाहेर पडलेला नाही. हा हर्पीसचा विषाणू. बहुतेकांना तो लहानपणीच कुणाच्या तरी मुक्यातून मिळतो. जगात ५० वर्षांखालच्या दर १० माणसांतल्या ६ जणांच्या अंगात तो असतो, त्यामुळे लाजायचं कारण नाही. एकदा शिरला की कवटीच्या तळाशी, कानापुढच्या मज्जातंतूंच्या गाठीत दबा धरून बसतो. ऊन, ताप, जागरण, मनाची घालमेल, यांतलं काही झालं की ओठापर्यंत येतो. माझा दर वैशाखात येतो. आता बाहेर पडताना ओठांना उन्हापासून जपणारा बाम लावतो, त्यानं बराच फरक पडला.

फोड दिसायच्या आधी काही तास ओठाची एक जागा चुरचुरते. औषधाची खरी वेळ तीच. असायक्लोविरचं मलम तेव्हापासून दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावायचं. त्यानं फार तर एखादा दिवस वाचतो, जादू होत नाही. गोळ्या जास्त उपयोगी, पण त्याही पहिल्या दिवशीच सुरू व्हाव्या लागतात, आणि डॉक्टरांना विचारूनच. तुझी ती वेळ या खेपेला गेली. आता गार पाण्याची घडी ठेव, व्हॅसलिन लाव, ठणका फारच असेल तर पॅरासिटामॉल घे. तांबडा रस्सा चार दिवस बंद, थंडाई चालेल. खपली नखानं काढू नकोस. सात ते दहा दिवसांत आपोआप पडेल.

कुणी चुना लाव म्हणेल, लावू नकोस. दुकानातून ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूबही आणू नकोस. तिच्यात स्टेरॉइड असतं आणि विषाणूला त्यानं रान मोकळं मिळतं. तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं, सुरुवातीला मीही ती ट्यूब बिनदिक्कत दिली आहे. ते अजून खातं मला.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. तू कारकून असतास तर एवढं लांबलचक लिहिलं नसतं. तू गड्याच्या मानेवर हात टाकतोस, गालाला गाल घासतोस. मातीनं किंवा मॅटनं कातडी खरचटलेली असते आणि फोडातल्या पाण्याला तेवढी वाट पुरते. अमेरिकेत मिनेसोटात १९८९ साली शाळकरी पैलवानांचं शिबिर भरलं होतं. १७५ पोरांपैकी ६० जणांना हे लागलं, बहुतेकांना डोक्या-चेहऱ्यावर. पैलवानांच्या या दुखण्याला डॉक्टरी पुस्तकात वेगळं नावच आहे. डोळ्यात गेलं तर बुबुळावर व्रण पडतो आणि नजर अधू होऊ शकते. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कुस्तीचा नियम असा: ७२ तासांत नवा फोड नको, सगळ्यांवर कोरडी खपली हवी आणि गोळ्या सुरू होऊन १२० तास झालेले हवेत. वर पट्टी चिकटवून उतरलेलंही चालत नाही.

तुझा पंचा, पाण्याचा तांब्या, वस्तरा वेगळा ठेव. फोडाला हात लागला तर साबणानं धू, डोळ्याला तर लावूच नकोस. ताईचं बाळ अजून महिन्याचंही नाही. खपली पडून कातडी नीट भरेपर्यंत त्याला जवळ घेऊ नकोस, मुका तर नाहीच. एवढ्या लहान जिवाला हे जिवावर बेतू शकतं.

डोळा लाल झाला, दुखला, किंवा दोन आठवड्यांत ओठ बरा झाला नाही तर डॉक्टरांकडे जा. वर्षातून सहा-सहा वेळा यायला लागलं तर रोजच्या गोळीचाही उपाय आहे.

वस्तादांना मी फोन करणार नाही. उद्या पहाटे जोर-बैठकांच्या आधी तूच जा आणि रुमाल काढून दाखव. रागावतील, कदाचित रविवारी बसवतील. जोडीला घेतोस त्या पोराच्या आईचा विचार कर आणि बसून राहा.

तुझा,
मामा