इंग्रजी ‘मंगूस’चे माहेर

चिटगुप्प्याच्या वर्गात ‘भाषांमधील देवाणघेवाण’ हा घटक शिकवताना मी अनेक वर्षे एक वाक्य अभिमानाने सांगत आलो : इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द मराठीने दिला आहे. मुलांचे चेहरे खुलत. टेबल, पेन, बस या उसनवारीच्या लांब यादीपुढे आपलेही एक देणे उभे राही. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आमच्या घरी कन्नड बोलतात. आम्हीही ‘मुंगुसी’च म्हणतो. मग शब्द मराठीचा कसा?” त्या तासाला मी उत्तर टाळले. ते राहिलेले उत्तर आता देत आहे.

इंग्रजी कोशांत या शब्दाची पहिली नोंद १६९८ ची सांगितली जाते. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याचा प्रवासग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. फ्रायर सुरत, मुंबई, जुन्नर, कारवार असा फिरलेला होता. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा शब्द ‘ओ’ऐवजी ‘यू’ वर्णाने लिहिलेला आहे आणि तो मूळ तेलुगू म्हटला असून मराठी शब्दाचाही उल्लेख केला आहे. मी वर्गात सांगताना यातला दुसरा अर्धाच सांगत होतो.

इंग्रजी वाचकाला या शब्दाच्या शेवटी ‘गूस’ हा पाणपक्षी दिसतो. ‘गूस’चे अनेकवचन ‘गीज’ होते, म्हणून विनोदाने ‘मंगीज’ही म्हटले जाते, प्रमाण रूप मात्र ‘मंगूसेस’. पक्ष्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. अनोळखी शब्दात ओळखीचा शब्द शोधण्याच्या या सवयीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. आपणही त्यातून सुटलेलो नाही. ‘मुंग्या खाते म्हणून मुंगूस’ हे उत्तर मला जवळजवळ दर वर्षी मिळते.

किपलिंगची ‘रिक्की-टिक्की-टावी’ ही १८९४ च्या ‘जंगल बुक’मधली कथा सुगौलीच्या छावणीत, म्हणजे आजच्या बिहारमध्ये घडते. हिंदीत या प्राण्याला नेवला म्हणतात. तरी किपलिंग ‘मंगूस’च लिहितो. तोवर दख्खनचा हा शब्द पक्का इंग्रजी झाला होता.

आता मूळ प्रश्न. संस्कृतात या प्राण्याला ‘नकुल’ म्हणतात. प्राकृतातून येत त्याचाच हिंदीत ‘नेवला’ झाला. मराठी त्याच कुळातली. पण तिच्या रोजच्या बोलण्यात ‘नकुल’ उरला तो पांडवाच्या नावापुरता. प्राण्यासाठी तिने ‘मुंगूस’ घेतला. तेलुगूत ‘मुंगिस’, कन्नडमध्ये ‘मुंगुसी’. बरो आणि एमेनो यांनी आपल्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१) कन्नड-तेलुगू रूपे एकाच नोंदीत ठेवली आहेत. तमिळमध्ये आज रूढ असलेला शब्द ‘कीरि’ वेगळाच आहे. म्हणजे मराठी, कन्नड आणि तेलुगू जिथे एकमेकींना भिडतात, तिथे हा शब्द आजही घरोघरी आहे. आपला बीदर-कलबुर्गीचा भाग नेमका त्याच पट्ट्यात येतो.

तेव्हा शब्दाचे मूळ शोधताना विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. शब्द कोणाच्या हातून गेला? आणि त्या हाती तो कुठून आला? ‘मंगूस’च्या बाबतीत पहिल्याचे उत्तर मराठी हे प्रामुख्याने खरे आहे. दुसऱ्याचे उत्तर द्राविडी शेजाराकडे जाते. एका उत्तराने दुसरे खोटे ठरत नाही.

१९५६ साली भाषावार प्रांतरचनेत बीदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. इथल्या मराठी माणसाला आपली भाषा जपण्यासाठी अजूनही झगडावे लागते. अशा वेळी ‘हा शब्द आमचा’ म्हणण्याचा मोह मला कळतो, कारण मी स्वतः त्याला बळी पडलो. पण मराठीची बाजू अर्ध्या व्युत्पत्तीवर उभी करायची नसते. ‘तूप’ आणि कन्नड ‘तुप्प’ एकाच ताटात असले म्हणून आपली मराठी उणी होत नाही.

आता मी वर्गात वेगळे वाक्य सांगतो : ‘मंगूस’ इंग्रजीत गेला मराठीच्या हातून, पण तो वाढला आपल्या तिन्ही भाषांच्या अंगणात. मग मुलांना घरचे दहा शब्द तीन रकान्यांत लिहून आणायला सांगतो – मराठी, कन्नड, तेलुगू. ज्यांच्या घरी दखनी बोलतात, ते चौथा रकाना स्वतःच आखतात.